मोठं अपडेट आलं म्हणून लगेच बटण दाबू नका: चालू दुकान बंद न पाडता वेबसाइट अपडेट कशी करायची



वेबसाइटच्या व्हिडिओंखाली एक प्रश्न सारखा येतो. "मॅडम, डॅशबोर्डवर नवीन आवृत्ती आलीय असं दाखवतंय. अपडेट करू का?"

माझं उत्तर असं: करा, नक्की करा. फक्त आज करू नका. आणि पहिल्यांदा करताना ज्या साइटवर ग्राहक पैसे भरतायत, त्या साइटवर तर अजिबात करू नका. असं का, ते आज सविस्तर सांगते. व्हिडिओत वेळेअभावी राहिलेल्या बऱ्याच गोष्टी इथे लिहितेय. लेख थोडा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

माझी चूक आधी ऐका

२०२० ची गोष्ट. लॉकडाऊनमुळे डोंगरीतलं आमचं दुकान कधी उघडं, कधी बंद. बॉटल मसाला, मालवणी मसाला, सुके बोंबील, लोणची, गणपतीत मोदकाची पिठी, असा आमचा माल. दुकानात गिऱ्हाईक येऊ शकत नव्हतं, म्हणून वर्डप्रेसवर वेबसाइट बनवून घेतली, त्यावर वूकॉमर्स टाकलं आणि ऑर्डर यायला लागल्या. मी खूश.

११ ऑगस्ट २०२० ला वर्डप्रेसची ५.५ ही आवृत्ती आली. गणेश चतुर्थी होती २२ ऑगस्टला. मध्ये एका रात्री दुकानाचा हिशोब झाल्यावर मी डॅशबोर्ड उघडला, "आत्ताच अपडेट करा" असं दिसलं, आणि दाबलं बटण. दोन मिनिटांत काम झालं. साइट उघडली, पहिलं पान छान दिसलं, मसाल्याचे फोटो जागेवर होते. मी झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी एकही ऑर्डर नाही. म्हटलं, श्रावण आहे, मासळीला गिऱ्हाईक नसणारच. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग वसईहून आमच्या नेहमीच्या ग्राहक आंटींचा फोन आला. "काय गो, दुकान बंद केलंस काय? पिठी मागवायची होती, पुढे जाऊनच देत नाही."

मी मोबाइलवरून स्वतः ऑर्डर टाकून बघितली. माल पिशवीत जात होता. पत्ता भरायच्या पानावर राज्य निवडायची यादी मात्र उघडतच नव्हती. आणि राज्य निवडल्याशिवाय पुढचं बटण चालत नव्हतं. म्हणजे शटर वर, दिवे लावलेले, माल मांडलेला, आणि गल्ल्याला कुलूप!

कारण नंतर कळलं. ५.५ मध्ये वर्डप्रेसने "जेक्वेरी मायग्रेट" नावाचा एक जुना मदतनीस कोड काढून टाकला होता. माझी थीम जुनी होती आणि तिचा अर्धा कारभार त्या कोडच्या जिवावर चालायचा. असं जगभरात इतक्या साइट्सचं झालं, की वर्डप्रेसच्याच टीमला तो जुना कोड परत चालू करणारं एक वेगळं प्लगिन द्यावं लागलं. ते टाकलं आणि माझी यादी उघडायला लागली. ५.५.१ ही दुरुस्तीची आवृत्ती आली १ सप्टेंबरला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती गेले आणि दुरुस्ती आली!

त्या दोन दिवसांत किती ऑर्डर गेल्या, हे मला आजतागायत माहीत नाही. न आलेल्या ऑर्डरची नोंद कुठेच होत नसते. दुकानात गिऱ्हाईक परत फिरलं तर निदान तोंड दिसतं. ऑनलाइन ते फक्त दुसरीकडे जातं.

त्यांचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर

पुढे मी एक गंमत बघितली. या तीन तारखा एकत्र वाचा.

- वर्डप्रेस ५.०: ६ डिसेंबर २०१८. नाताळला १९ दिवस. या आवृत्तीत लिहायचा एडिटरच पूर्ण बदलला, जुन्या एडिटरऐवजी "ब्लॉक" पद्धत आली.
- वर्डप्रेस ५.५: ११ ऑगस्ट २०२०. गणपतीला ११ दिवस.
- वर्डप्रेस ६.४: ७ नोव्हेंबर २०२३. धनत्रयोदशी १० तारखेला, लक्ष्मीपूजन १२ तारखेला. काही होस्टिंगवर साइटचा बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क अडू लागला, म्हणून दोन दिवसांच्या आत ६.४.१ काढावी लागली.

डोंगरी-उत्तन भागात डिसेंबर म्हणजे नाताळ. बाकी महाराष्ट्रात गणपती आणि दिवाळी म्हणजे वर्षाचा धंदा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आपल्या सणांशी देणंघेणं नसतं, त्यात त्यांची चूकही नाही. त्यांचं वेळापत्रक जगासाठी असतं.

म्हणून आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: अपडेट कधी येणार हे ते ठरवतात. ते आपल्या दुकानात कधी लागणार, हे आपण ठरवायचं.

आमच्या किनाऱ्यावर ही अक्कल फार जुनी आहे. उत्तन, चौक, पालीला जाऊन बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याच काळात बोटी ओढून वर घेतात, शाकारतात, लाकूडकाम, इंजिन, जाळी सगळं बघतात. भर हंगामात, बोट समुद्रात असताना कोणी इंजिन खोलत नाही. वेबसाइटचं मोठं अपडेट म्हणजे इंजिन खोलणं. त्याला बंदीचा काळ शोधायचा.

पण अपडेट टाळायचंच नाही

हे वाचून कोणी म्हणेल, "मग करतच नाही अपडेट." थांबा. ते जास्त महाग पडतं.

२६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसची ४.७.२ आली. त्यात एक सुरक्षेचं भोक बुजवलं होतं. ते भोक असं, की परका माणूस लॉगिन न करता तुमच्या साइटवरचा मजकूर बदलू शकायचा. १ फेब्रुवारीला ही गोष्ट जाहीर झाली आणि पुढच्या काही दिवसांत जगभरातली लाखो पानं बिघडवली गेली. कोणाची? ज्यांनी ते छोटं अपडेट केलं नव्हतं त्यांची.

म्हणजे अपडेट दोन जातींचे असतात आणि दोघांना वेगळी वागणूक द्यायची असते.

छोटं अपडेट: तीन आकडे असतात आणि शेवटचा बदलतो. उदाहरणार्थ ६.४ चं ६.४.१, किंवा ६.४.१ चं ६.४.२. हे दुरुस्तीचं किंवा सुरक्षेचं असतं. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस हे आपोआप लावतं. ते चालू राहू द्या. बॅकअप घेत चला, पण इथे सणाची वाट बघू नका.

मोठं अपडेट: पहिला किंवा दुसरा आकडा बदलतो. ६.४ चं ६.५ हेसुद्धा वर्डप्रेसच्या हिशोबात मोठंच असतं. इथे बरेच जण फसतात. त्यांना वाटतं ५ चं ६ झालं तरच मोठं.

आता एक काम लगेच करा. डॅशबोर्डमध्ये "अपडेट्स" पानावर जा. डिसेंबर २०२० च्या ५.६ पासून, नव्याने बनवलेल्या साइटवर मोठे अपडेटही आपोआप लागायची सोय आधीच चालू असते. म्हणजे तुम्ही झोपेत असताना इंजिन खोललं जाऊ शकतं! त्याच पानावर "फक्त देखभाल आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप" अशा अर्थाचा पर्याय आहे. विक्री करणारी साइट असेल तर तो निवडा.

(तुमचं दुकान भाड्याच्या तयार प्लॅटफॉर्मवर असेल, म्हणजे महिन्याला पैसे भरता आणि सगळं तेच सांभाळतात, तर मुख्य अपडेट तुमच्या हातात नसतं. तुम्ही खाली फक्त पहिलं आणि सहावं पाऊल वाचा.)

पाऊल १: चाव्या कोणाकडे आहेत ते बघा

कोर्समध्ये मी विचारते, "होस्टिंगचा पासवर्ड कोणाकडे आहे?" अर्धे जण म्हणतात, "ज्याने साइट बनवली त्या मुलाकडे." तो मुलगा आता दुसरीकडे नोकरीला, फोन उचलत नाही. दुकानाची चावी अशी कोणाकडे ठेवाल का?

चार गोष्टी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर हव्यात: डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेसचं ॲडमिन लॉगिन आणि पेमेंट गेटवे.

आणि सेटिंग्जमध्ये "ॲडमिन ईमेल" कोणाचा आहे ते बघा. मे २०१९ च्या ५.२ पासून साइट पूर्ण बंद पडली तर वर्डप्रेस त्या ईमेलवर एक खास लिंक पाठवतं. त्या लिंकने "रिकव्हरी मोड"मध्ये आत जाता येतं आणि बिघडलेलं प्लगिन बंद करता येतं. हा ईमेल त्या जुन्या मुलाचा असेल, तर आग तुमच्या दुकानात आणि फोन त्याच्या घरी!

पाऊल २: तारीख ठरवा

वही घ्या, बारा महिने लिहा, तुमच्या धंद्यात कुठे गर्दी असते त्यावर लाल खूण करा. माझं असं आहे: मार्च ते मे मसाल्याचा हंगाम, त्यातच आगोटीची खरेदी म्हणजे पावसाळ्यासाठी घर भरून ठेवणं. मग गणपती, दिवाळी, नाताळ. मोकळे दिवस दोनच: संक्रांतीनंतरचे दोन आठवडे आणि जूनचा दुसरा पंधरवडा. माझे मोठे अपडेट याच दोन वेळांना लागतात.

सोबत तीन नियम:

1. मोठी आवृत्ती आल्यावर निदान दोन-तीन आठवडे थांबा. बहुतेक वेळा तेवढ्यात शेवटी .१ असलेली पहिली दुरुस्ती येते. दुसऱ्यांना ठेच लागू द्या, आपण शहाणे होऊ.
2. सणाच्या आधीचे तीन आठवडे काहीही मोठं करायचं नाही. नवी थीम, नवा पेमेंट गेटवे, काहीच नाही.
3. वार मंगळवार किंवा बुधवार, वेळ सकाळची. शुक्रवारी रात्री कधीच नाही. रविवारी बिघडलं तर मदतीला कोण येणार?

आणि मोकळा काळ अजून चार-पाच महिने लांब असेल तर? तोवर छोटे अपडेट चालू ठेवा, पण मोठं वर्षभर लांबवू नका. तीन-चार आवृत्त्या एकदम उडी मारायला गेलं की त्रासही एकदमच होतो.

पाऊल ३: बॅकअप घ्या, आणि तो उघडून बघा

वर्डप्रेस साइटचे दोन भाग असतात. एक, फाइल्स: थीम, प्लगिन, फोटो. दोन, डेटाबेस: माल, भाव, ग्राहक, ऑर्डर, लिहिलेला सगळा मजकूर. दोन्ही हवेत. फक्त फाइल्स घेतल्या तर दुकानाचं फर्निचर वाचलं आणि खतावणी जळाली, असं होतं.

बॅकअप होस्टिंगच्या सी-पॅनलमधून घेता येतो, किंवा अपड्राफ्टप्लससारख्या प्लगिनने. कुठे ठेवायचा? त्याच होस्टिंगवर तर नाहीच. घराची दुसरी चावी घरातच ठेवल्यासारखं आहे ते. एक प्रत गूगल ड्राइव्हवर, एक दुकानातल्या कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर.

मग सगळ्यात दुर्लक्षित काम: तो बॅकअप खरंच परत उभा राहतो का, हे बघा. पुढच्या पावलातली नक्कल त्याच बॅकअपमधून उभी केली की ही तपासणी आपोआप होते.

मराठी साइटवाल्यांनी इथे एक जास्तीची गोष्ट बघायची. डेटाबेस परत आणताना अक्षरांची पद्धत चुकली तर इंग्रजी सगळं नीट दिसतं आणि मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. "मालवणी मसाला"चं "?????? ?????" होतं. म्हणून मालाची दोन-तीन मराठी नावं मुद्दाम उघडून बघा. बिघडलेली दिसली तर होस्टिंगवाल्यांना सांगा की डेटाबेस "यूटीएफ-८ एमबी-४" मध्ये आयात करून द्या. त्यांना लगेच कळेल.

पाऊल ४: आधी नकलेवर करा

साइटची हुबेहूब दुसरी प्रत, जी ग्राहकांना दिसत नाही, तिला "स्टेजिंग" म्हणतात. बऱ्याच होस्टिंगवर एका क्लिकमध्ये बनते. तुमच्या प्लॅनमध्ये नसेल तर सबडोमेन काढून त्यावर बॅकअप उभा करता येतो.

नक्कल बनली की लगेच तीन कुलपं लावा:

- सर्च इंजिनने ही साइट नोंदवू नये, हा पर्याय चालू करा आणि शक्य असेल तर पासवर्ड लावा. नाहीतर गूगलवर तुमचीच दोन दुकानं दिसतील.
- पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर टाका. रेझरपेसारख्या गेटवेत ही सोय असते.
- ग्राहकांना जाणारे ईमेल आणि मेसेज बंद करा. नाहीतर नकलेवरून खऱ्या ग्राहकांना "तुमची ऑर्डर रद्द झाली" असं जाऊ शकतं. मग फोन वाजत बसतात.

आता या नकलेवर बिनधास्त अपडेट करा. बिघडली तर बिघडली, उडवा आणि पुन्हा बनवा.

एक खबरदारी. नकलेवर सगळं जमलं म्हणून ती नक्कलच उचलून खऱ्या साइटवर चढवू नका. नक्कल सोमवारची असेल आणि तुम्ही बुधवारी चढवली, तर मंगळवारच्या ऑर्डर पुसल्या जातील. नकलेवर शिकायचं आणि तेच काम त्याच क्रमाने खऱ्या साइटवर करायचं. म्हणून नकलेवर काम करताना काय, कोणत्या क्रमाने केलं ते वहीत लिहा.

पाऊल ५: अपडेटचा दिवस

मी वापरते तो क्रम असा:

1. ताजा बॅकअप. कालचा चालणार नाही.
2. शेवटच्या ऑर्डरचा नंबर आणि वेळ वहीत लिहा. ऑर्डरची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या.
3. "अर्धा तास काम चालू आहे, ऑर्डरसाठी फोन किंवा व्हॉट्सॲप करा" असा फलक साइटवर लावा. याने अपडेट चालू असताना नवी ऑर्डर येत नाही.
4. आधी प्लगिन, एकेक करून. सगळ्यांवर टिक करून एकदम नाही. एकदम केलं आणि बिघडलं तर गुन्हेगार शोधायला दिवस जातो.
5. मग थीम. थीमच्या फाइलमध्ये कोणी थेट बदल केलेले असतील तर अपडेटमध्ये ते पुसले जातात. असे बदल "चाइल्ड थीम"मध्येच हवेत.
6. शेवटी वर्डप्रेस.
7. कॅश साफ करा, नाहीतर तुम्ही जुनंच पान बघून खूश व्हाल.

काम चालू असताना टॅब बंद करू नका. मध्येच सुटलं तर "देखभालीसाठी थोडा वेळ बंद" असा इंग्रजी संदेश अडकून बसतो. घाबरू नका. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये ".मेंटेनन्स" या नावाची एक लपलेली फाइल असते. ती काढली की संदेश जातो. मग अर्धवट राहिलेलं अपडेट पुन्हा करा.

आणि पीएचपी. वेबसाइट ज्या भाषेवर चालते ती ही, आणि तिची आवृत्ती होस्टिंगवर वेगळी बदलते. पीएचपी ७.४ चा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. तुम्ही अजून तिथे असाल तर पुढे जायला हवं, पण वर्डप्रेस आणि पीएचपी एकाच दिवशी बदलू नका. दोन बदल, दोन वेगळे दिवस.

पाऊल ६: ग्राहक बनून तपासा

माझी २०२० ची चूक इथेच झाली. मी मालकीण म्हणून पहिलं पान बघितलं. ग्राहक म्हणून ऑर्डर टाकली नाही.

दुकानातल्या कोणाचा तरी मोबाइल घ्या, साइटवर लॉगिन नसलेला, आणि वायफाय बंद करा. मग:

- माल शोधा, पिशवीत टाका, संख्या बदला.
- पत्ता, राज्य, पिनकोड भरा. कुरिअरचा खर्च बरोबर येतोय का?
- एक रुपयाचा "चाचणी" नावाचा माल ठेवून खरे पैसे भरा, यूपीआयने.
- ऑर्डरचा ईमेल तुम्हाला आणि ग्राहकाला, दोघांना आला का?
- पैसे गेटवेच्या खात्यात दिसतायत का? बिल नीट निघतंय का?
- संपर्काचा फॉर्म भरा. तो तुमच्यापर्यंत पोचतो का?
- मराठी मजकूर आणि फाँट बघा. जोडाक्षरं तुटलेली नाहीत ना?

हे सगळं १५ मिनिटांचं काम आहे. हिशोब मांडून दाखवते. समजा तुमच्या रोज ८ ऑर्डर येतात, सरासरी ४५० रुपयांच्या. दिवसाचे झाले ३,६००. चेकआउट दोन दिवस बंद राहिलं तर ७,२०० रुपयांची विक्री गेली, आणि सणाच्या आठवड्यात त्याच्या कितीतरी पट. त्यापुढे १५ मिनिटं काय आहेत?

नव्या वर्डप्रेसमध्ये काही सोयी आल्यात. जुलै २०२४ च्या ६.६ पासून, आपोआप झालेल्या प्लगिन अपडेटमुळे साइट कोसळली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. छान आहे. पण त्याला कोसळलेली साइट कळते. माझ्यासारखी "सगळं छान दिसतंय पण ऑर्डर जात नाही" अशी साइट त्याला चालूच वाटते. ते तपासायला माणूसच लागतो.

पाऊल ७: बिघडलंच तर

आधी खोल श्वास घ्या. मग क्रमाने:

1. ॲडमिन ईमेल उघडा, रिकव्हरी मोडची लिंक आली असेल.
2. आली नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगिन बंद होतात. साइट उठली तर दोष प्लगिनमध्ये आहे. मग फोल्डरला जुनं नाव परत द्या आणि एकेक चालू करून बघा, कोणतं आहे ते सापडेल.
3. एकच प्लगिन दोषी असेल तर फक्त त्याची जुनी आवृत्ती परत टाका.
4. काहीच जमलं नाही, तरच पूर्ण बॅकअप परत आणा.

चौथा उपाय शेवटी का ठेवला? उदाहरण बघा. मंगळवारी सकाळी १० ला बॅकअप घेतला, ११ ला अपडेट केलं, दुपारी ४ ला बिघाड कळला. मध्ये ६ ऑर्डर आल्या, कारण काहींचं चेकआउट चालत होतं. आता १० चा बॅकअप परत आणला तर त्या ६ ऑर्डर साइटवरून गायब! पैसे मात्र तुमच्या खात्यात. सहा ग्राहक वाट बघत बसणार आणि तुम्हाला पत्ताच माहीत नाही. म्हणून परत आणण्याआधी मधल्या ऑर्डर पुन्हा एक्सेलमध्ये उतरवून घ्यायच्या. वहीत लिहिलेला शेवटचा ऑर्डर नंबर इथे कामाला येतो.

वूकॉमर्सचं अजून एक. काही अपडेटनंतर ते "डेटाबेस अपडेट करा" असं विचारतं. तो एकेरी रस्ता आहे. ते केल्यावर नुसतं प्लगिन जुनं टाकून भागत नाही, डेटाबेसही जुना लागतो. म्हणून ते बटण दाबण्याच्या आधी बॅकअप हातात आहे ना, हे बघूनच दाबा.

"एवढं सगळं मोठ्या कंपन्या करत असतील, आपलं छोटं दुकान..."

असं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभरातल्या विंडोज कॉम्प्युटरवर एकदम गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर चेक-इन अडलं, काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक सापडून ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं गेलं, तरी मशीन ताळ्यावर आणायला कितीतरी जास्त वेळ लागला.

यातून आपण काय घ्यायचं? एक, सगळीकडे एकदम लावायच्या आधी एका जागी करून बघणं. दुसरं, कॉम्प्युटर बंद पडला तरी कागद-पेनवर दुकान चालू ठेवायची तयारी. आमच्याकडे गल्ल्याशेजारी एक ऑर्डर वही असते. साइट बंद असली तरी फोन, वही आणि यूपीआयचा क्यूआर कोड एवढ्यावर दिवस निघतो.

आजचा गृहपाठ

आज अपडेट करू नका. आज फक्त तीन कामं करा:

1. ॲडमिन ईमेल आणि होस्टिंगचं लॉगिन तुमच्या हातात आहे का ते बघा.
2. एक पूर्ण बॅकअप घेऊन साइटच्या बाहेर ठेवा.
3. बारा महिन्यांच्या कागदावर तुमचे दोन मोकळे पंधरवडे शोधा.

तुमचा धंदा काय आणि मोकळा पंधरवडा कोणता निघाला, ते कमेंटमध्ये लिहा. राखीवाल्याचा वेगळा, फराळवाल्याचा वेगळा, शाळेच्या गणवेशवाल्याचा अजून वेगळा निघेल. पुढच्या व्हिडिओत नक्कल साइट बनवायचं काम स्क्रीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवते.

आणि हो, त्या वसईच्या आंटी अजून आमच्या ग्राहक आहेत. आता प्रत्येक अपडेटनंतर मी स्वतःच त्यांना फोन करते. "आंटी, जरा साइट उघडून बघता का? पुढे जाऊन देतेय ना?" त्या बघून सांगतात. माझी सगळ्यात भरवशाची तपासणी तीच.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा चालू ठेवा आणि बॅकअप जवळ ठेवा!